धुळे–जळगाव, सगळे थांबे घेत

आधी कबुली देऊन टाकते. धुळ्याहून जळगावला कुणी एसटीने जातं, कुणी आपल्या गाडीने. मी एकदा पाटावर उभी राहून गेले. आपण जेवायला बसतो तो, साधा लाकडी पाट. पोचल्यावर गल्लीत पेढेही वाटले. आणि हे करताना मी काही फ्रॉकातली पोर नव्हते. एकोणसाठ वर्षांची, जावई आलेली, अमळनेरच्या शाळेत तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडून नुकतीच रिटायर झालेली बाई होते. आज बहात्तराव्या वर्षी त्या बाईचा कान धरावासा वाटतो. पण तिच्या गोष्टीत सुपडूआबा आहेत, म्हणून सोडून देते.

सुपडूआबा धुळ्यात आमच्या देवपूरच्या गल्लीतले, आमच्यापासून तिसरं घर. एसटीत आयुष्यभर कंडक्टर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खाकी शर्ट काही अंगावरून उतरला नव्हता. खाली पांढरा लेंगा, वर खाकी शर्ट आणि त्याच्यावर टक्कल, उन्हात चमकणारं. त्यांच्या ओट्याला दोन बाजूंनी पायऱ्या होत्या. पाहुणा डावीकडून चढला तर त्यानं उजवीकडूनच उतरायचं. चुकून चढल्या पायरीनं उतरू लागला तर आबा खुर्चीतून ओरडत, "ओ भाऊ, उतरायचा दरवाजा तिकडे!"

ह्या ओट्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं, खालून वर, एकावर एक रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढे गावाचं नाव. कमरेशी धुळे. त्याच्या वर फागणे, मग मुकटी. खांद्याच्या उंचीला पारोळा. कानाशी एरंडोल. डोक्याच्या वर पाळधी. आणि हात पुरता वर ताणला की जळगाव. जळगावच्याही वर बोटभर अंतरावर पेन्सिलीनं, पुसट, बोदवड लिहिलेलं होतं. पण तिथपर्यंत गाडी जाताना मी कुणाची पाहिली नव्हती.

आम्ही अमळनेर सोडून इथे राहायला आलो तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला नोकरी विसरवत नाही, म्हणून घरात नकाशा काढून बसलाय. तो नकाशा खांद्याचा आहे हे मला माझा खांदा धरल्यावर कळलं.

खांदा धरला म्हणजे काय, तर आधी नुसता दुखायचा. मी म्हटलं, वजन उचललं असेल. मग हात मागे नेऊन ब्लाउजचे हूक लावता येईनात. मग केस विंचरता येईनात. डॉक्टर म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. साखर आहे ना तुम्हाला? मग होतं असं." फ्रोझन! धुळ्यात उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि माझा खांदा तेवढा गोठला. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. ते हसले नाहीत. फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली.

फिजिओथेरपीवाली डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान. तिनं समजावलं, हा आजार तीन टप्प्यांत जातो. आधी दुखत दुखत आखडतो, मग नुसता आखडून बसतो, मग हळूहळू सुटतो. वर्ष-दीड वर्षसुद्धा लागतं. व्यायाम थोडा थोडा, पण दिवसातून तीन-चारदा. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. आणि तिनं व्यायामांची चित्रं असलेला एक कागद दिला. मी तो फ्रिजवर चुंबकानं नीट लावला. येता-जाता बघायची. पंधरा दिवस झाले तरी हात वर जाईना, तेव्हा मी तिच्या शिक्षणावर शंका घेतली. आयुष्यभर पोरांना सांगत आले की पुस्तक उशाला घेऊन झोपल्यानं अभ्यास होत नाही. आणि मी स्वतः काय करत होते? व्यायाम फ्रिज करत होता.

एक दिवस मी भाजी घ्यायला निघाले. उजवा हात पोटाशी, पदरात गुंडाळलेला. आबा ओट्यावरून म्हणाले, "बाई, कथा जानं शे?"

"कोपऱ्यापर्यंत. भाजी आणायला."

"तुम्ही नाही. हात कुठे चाललाय ते विचारतो. मुकटीलाच उभा दिसतोय."

मला राग आला. परक्या माणसानं माझा हात मुकटीला उभा आहे म्हणणं हे त्या वेळी मला अपमानाचं वाटलं. त्यात ते पुढे म्हणाले, "डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आहे ना? चिठ्ठी असली तरच गाडीत घेतो. चिठ्ठीशिवाय आपण हात लावत नाही."

चिठ्ठी होती. फ्रिजवर.

तर असा माझा प्रवास सुरू झाला. आबांचं सगळं एसटीच्या भाषेत चालायचं. सुरुवातीला गरम पाण्यातला टॉवेल पिळून दहा मिनिटं खांद्यावर. "इंजिन तापल्याशिवाय गाडी डेपोच्या बाहेर काढायची नाही." मग चांगल्या हातानं टेबल धरून वाकायचं, दुखरा हात खाली सैल सोडायचा आणि नुसता हेलकावू द्यायचा. "दांड्याला पिशवी अडकवलीय आणि गाडी खड्ड्यातून चाललीय असं समजा. पिशवी स्वतः काही करते का? नाही ना? मग तुम्ही पण करू नका." हे ऐकायला सोपं. पण ज्या बाईनं आयुष्यात कुठलीच गोष्ट आपोआप होऊ दिली नाही तिला हात सैल सोडायला आठ दिवस लागले.

छताच्या कडीला त्यांनी विहिरीवरची कप्पी टांगली होती. तिच्यावरून दोरी. एक टोक चांगल्या हातात, एक दुखऱ्या हातात. खुर्चीत बसून चांगल्या हातानं ओढायचं की दुखरा आपोआप वर. दोरीला मध्येच घंटी बांधलेली. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. आणि हात वर नेताना मध्येच कळ आली तर ओरडायचं, "विनंती थांबा!" मग ते थांबवायचे. कधी कधी मी उगीचच विनंती थांबा घ्यायची. ते ओळखायचे. "बाई, इथे ना गाव ना शेत. कुणासाठी थांबायचं?"

हात खाली आणण्याबद्दल तर ते फारच कडक. खांदा धरला म्हणून ओट्यावर येणाऱ्या आम्ही सगळ्या बाया हात वर नेताना देवाचं नाव घ्यायचो आणि खाली धप्पकन सोडायचो. आबा खेकसायचे, "उतरणाऱ्याला सावकाश उतरू द्या! चालत्या गाडीतून ढकलताय काय?"

आणि शेवटी भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुखऱ्या हाताची बोटं धुळ्यावर टेकवायची आणि बोटांनी चालत वर जायचं. कोळी चढतो तसं. जिथे अडेल तिथे दहा आकडे थांबायचं. आबांच्या हातात त्यांचा जुना तिकीट पंच असायचा, ते दर आकड्याला कट् करून वाजवायचे. दिवस संपला की लग्नपत्रिका कापून केलेल्या तिकिटावर तुम्ही पोचलेल्या गावापाशी भोक. माझं पहिलं तिकीट कुणाच्या तरी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'वर होतं आणि भोक फागण्याला.

मी वैतागून म्हणायची, "आबा, ही साधी गाडी पुरे. विनाथांबा नाही का काही?"

"खांद्याला विनाथांबा चालत नाही. घाटात गाडी तुटते."

डॉक्टरीणबाईला मी एकदा विचारलं, हा माणूस काही उलटसुलट तर शिकवत नाही ना? ती हसून म्हणाली, "काकू, चुकीचं काहीच नाही. मी सांगते तेच करून घेतात. फक्त माझ्याकडे लोक कंटाळतात आणि त्यांच्याकडे तिकीट मागतात."

आबांना हे सगळं कुठून आलं, ह्याबद्दल गल्लीत दोन मतं होती. एक, घंटीची दोरी ओढून ओढून त्यांचाच खांदा कधीतरी धरला होता. दोन, रिकामा माणूस काहीतरी उद्योग शोधतो. विचारलं की ते सांगायचे, "मोटार वाहन कायद्यात आहे." मी पहिल्या मताची होते. पण काही गोष्टी त्यात बसत नव्हत्या. एक म्हणजे भिंतीवरचं माप. पुरुष आले की त्यांच्यासाठी खडूनं बाजूला वेगळ्या रेघा ओढाव्या लागायच्या. ऑइलपेंटच्या रेघा पाच फुटी बाईमाणसाच्या मापाच्या होत्या. मी त्याहून दोन बोटं बुटकी. "आबा, ही भिंत कुणाच्या मापाची?" मी कुरकुरायची. ते म्हणायचे, "महामंडळाच्या."

दुसरं म्हणजे, भिंतीशेजारी खिळ्याला एक लाकडी फणी अडकवलेली होती. घरात राहणारं माणूस एक, त्याच्या डोक्यावर केस शून्य. मी सोडते काय! "आबा, ही फणी कशाला? टकलावर रस्ता आखायला?"

"गाडीत राहिलेली वस्तू आहे. मालक येईल तेव्हा द्यायची."

आणि तिसरं तर मी प्रत्यक्ष पाहिलं. माझा अंबाडा मला घालता येत नसे, आमचे हे घालायचे, आणि ते बँकेत नोकरी केलेले गृहस्थ असल्यानं माझ्या मानेवर नोटांच्या बंडलासारखं काहीतरी बांधून ठेवायचे. एक दिवस आबांना ते बघवेना. "साहेब, इकडे या," म्हणून ह्यांना बोलावलं, घरातून सुतळीचा झुपका आणला, खिळ्याला बांधला आणि त्यावर अंबाडा शिकवला. "तीन बोटांवर पीळ घ्या. ओढू नका, डोकं दुखतं. आकडा खालून घाला, वरून टोचतो." टकलू माणसाच्या हातात सुतळीचा इतका सुबक अंबाडा झाला की मी टाळी वाजवायला गेले आणि खांद्यातून कळ आली.

मी म्हटलं, "आबा, हे पण मोटार वाहन कायद्यात आहे?"

त्यांनी सुतळी सोडवली, गुंडाळली आणि म्हणाले, "दोन घंट्या झाल्या. भिंतीला लागा."

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि जेवायला आमरस आणि खापरावरचे मांडे. मांडा म्हणजे पुरण भरलेली पोळी, पण ती पोळपाटावर लाटायची नसते. दोन्ही हातांवर झुलवत, उडवत, कोपरापर्यंत पसरवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. माझा मांडा अमळनेरात नावाजलेला होता. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगायची.

माझी मनीषा नाशिकहून येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, या वर्षी मांडे विकत आणू. तुझा हात..."

विकत! मला वाटलं, पोरीनं मला जिवंतपणी भिंतीवर फोटोत लावलं. मी म्हटलं, माझा हात झालाय बरा. तेवढ्यात मागून हे म्हणाले, "तिला सांग, आबांनी जळगावचं तिकीट दिलं तरच खापर निघेल. नाहीतर नाही." दोघांचं ठरलंसुद्धा.

मी तेव्हा कुठे होते? पारोळ्याला. तीन आठवडे पारोळ्याला. बोटं एरंडोलच्या वाटेला लागली की खांदा आतून दार लावून घ्यायचा. आबा म्हणायचे, "घाई नका करू. पारोळा काही वाईट गाव नाही." मला पारोळ्याचा कंटाळा आला होता.

त्यांच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून, कायम एक पाट उभा केलेला असायचा. त्याच्यावर कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. आबा स्वतः खुर्चीत बसायचे. आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी ते टॉवेल गरम करायला आत गेले. माझ्या डोक्यात तीस वर्षांत पकडलेल्या सगळ्या पोरांची अक्कल एकदम गोळा झाली. पाट आडवा केला, वर उभी राहिले, साडीचा घोळ खाली सोडून पाट झाकला, टाचा उचलल्या, कंबर वाकडी केली आणि बोटं चालवत नेली. जळगाव! पाटावर चोरासारखी उभी राहून मी ओरडले, "आबा, या लवकर! जळगाव आलं!"

आबा हातात वाफाळता टॉवेल घेऊन बाहेर आले. माझ्या बोटांकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं. मी हसत होते, इतकी हसत होते की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग घंटीची दोरी धरली आणि घणघण वाजवली. "जळगाव," ते म्हणाले. "शेवटचा थांबा." तिकिटाला भोक पाडलं. ते आत वळल्यावर मी उतरले आणि पाट जागेवर ठेवला.

पेढे वाटले. डॉक्टरीणबाईला फोन करून सांगितलं की आता येत नाही, बरी झाले. तिनं "काकू, एकदा बघू द्या" म्हटलं तर मी म्हटलं, तिकीट आहे माझ्याकडे.

आखाजीच्या सकाळी खापर निघालं. मनीषा समोर बसली, शेजारच्या दोघी बघायला आल्या. पहिला गोळा घेतला, पुरण भरलं, हातावर झुलवायला लागले. डावा हात झकास वर गेला. उजवा पारोळ्याला थांबला. मांड्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तो पसरत गेला, डावीकडून उडाला, आणि उजवीकडे झेलायला कुणी नाही म्हणून थेट माझ्या डोक्यावर येऊन बसला. पदर घ्यावा तसा. पुरण अंबाड्यात. मी तो झेलायला हात हिसका देऊन वर नेला, आणि मग जी कळ आली! एरंडोल, पाळधी, जळगाव, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी चुलीपुढे बसल्या जागी आडवी झाले. शेजारच्या दोघींनी तोंडात पदर कोंबला. मनीषा मात्र हसली नाही. तिनं माझ्या केसांतून पुरण काढलं आणि विचारलं, "आई, तुला जळगावचं तिकीट मिळालं कसं?"

ह्यांनी केस धुतले, अंबाडा घातला. आकडा खालून, बरोब्बर. मांडे विकत आले. चांगले होते, हे सांगायला मला तेरा वर्षं लागली.

डॉक्टरीणबाई ओरडली. म्हणाली, दुखावलंय, आठ दिवस नुसते हेलकावे, बाकी काही नाही. हात पुन्हा मुकटीला येऊन बसला. रात्री कूस बदलता येईना. हा हात आता असाच राहणार, अशी पहिल्यांदाच खरीखुरी भीती वाटली. मनीषा नाशिकला परत गेली, जाताना ती पाया पडली तेव्हा मला तिच्या पाठीवरून हात फिरवता आला नाही. डावा फिरवला.

नवव्या दिवशी मी आबांच्या ओट्यावर गेले. डाव्या पायरीनं चढले. ते खुर्चीत होते, पंच हातात होता, वाजवत नव्हते. मी ते तिकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि ज्या पोरांकडून मी कॉपीची कबुली वहीवर लिहून घ्यायची त्यांच्यासारखीच मान खाली घालून म्हटलं, "आबा, मी पाटावर उभी होते."

"माहीत आहे."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"साडीखालून पाटाचा कोपरा दिसतो, बाई. पाटाला साडी पुरत नाही."

मी चिडले. लाज वाटली की मला चिडायची सवय आहे. "मग घंटी कशाला वाजवली? तेव्हाच बोलायचं होतं ना!"

आबांनी उठून खिळ्यावरची फणी काढली, हातात धरली. फणीच्या दात्यात एक लांब पांढरा केस अडकलेला होता. तो त्यांनी काढला नाही, नुसता सरळ केला. मग भिंतीकडे बघत म्हणाले की ही भिंत त्यांनी त्यांच्या मंडळींसाठी आखली होती. तिलाही साखर होती. तिचं माहेर बोदवड, म्हणून जळगावच्या वर बोदवड. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या लेकी आखाजीला माहेरी पोचवल्या आणि तिला न्यायला त्यांना कधी रजा मिळाली नाही. तेव्हा ते म्हणाले होते, तू भिंतीवरून जा, तू पोचलीस की मी रजा टाकतो.

मी विचारलं, "पोचल्या का?"

त्यावर ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यात माझा एक शब्द नाही.

"पोचली ना. ह्याच पाटावर उभी राहून पोचली. मी ड्युटीवर निघालो होतो, मला वाईट वाटू नये म्हणून जळगाव दाखवलं तिनं, असंच हसत. मला कोपरा दिसला होता, बाई. पण ते हसणं मोडवेना, म्हणून घंटी वाजवली आणि तिला दवाखान्यात न्यायचं बंद केलं. मग हात कधी पारोळ्याच्या वर गेला नाही. शेवटपर्यंत तिची वेणी मीच घातली. तुम्ही हसल्या तशी परत तीच दिसली, परत घंटी वाजवली मी. प्रवाशाची चूक नाही ही, मन्ही चूक शे. पाट आता आत नेऊन ठेवतो. चला, धुळ्यापासून."